धावणाऱ्याची न्याहारी



वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं केनवड हे माझं गाव. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही पहाटे मैदानावर जायची सवय सुटलेली नाही. या वेळी आमच्याकडे रस्त्याच्या कडेनं मुलं-मुली धावताना दिसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला सैन्यात जायचंय, कुणाला वनरक्षक. घरी दोन-चार एकर शेती, तीही पावसावर. अशा घराला महिन्याच्या पगाराची वाट दाखवणारा हा एक सरळ रस्ता आहे आणि तो धावूनच पार करावा लागतो.

धावायचं तरी किती? पोलीस शिपाई भरतीच्या अलीकडच्या नियमांत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेला. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर ३० मिनिटांत, मुलींना ३ किलोमीटर २५ मिनिटांत. शिवाय चार तासांत मुलांनी २५ आणि मुलींनी १६ किलोमीटर चालायचं. त्यासाठी वर्ष-वर्ष सराव चालतो. बूट कोणते घ्यावेत, वेळ किती सेकंदांनी कमी झाली, याची चर्चा रोज होते. पण 'सकाळी काय खाल्लंस?' हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं, 'चहा घेतला ना सर.' आज मी बोलणार आहे ते या चहाच्या कपाबद्दल, आणि त्याच्या जागी काय असावं याबद्दल.

आधी शरीराचा हिशेब समजून घेऊ. आपण भाकरी, भात, पोळी खातो, त्यातल्या पिष्टाची शरीरात साखर होते. त्यातली काही लगेच खर्च होते, उरलेली ग्लायकोजन या रूपात साठवली जाते. हा साठा दोन ठिकाणी असतो. एक यकृतात, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. दुसरा स्नायूंमध्ये, साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. यकृतातला साठा म्हणजे गावाचं सामाईक धान्यकोठार समजा. रक्तातली साखर कमी झाली की तिथून पुरवठा होतो आणि मेंदूलाही तिथूनच मिळतं. स्नायूंतला साठा म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातली कणगी. ती त्या स्नायूच्याच कामी येते, शेजाऱ्याला उसनं मिळत नाही.

आता रात्रीचं काय होतं पाहा. आपण झोपतो, पण मेंदू काम करतच राहतो. त्याला तासाला साधारण पाच ग्रॅम साखर लागते. रात्री आठला जेवलेल्या माणसाचं सामाईक कोठार पहाटे पाचपर्यंत बरंच रिकामं झालेलं असतं. घरची कणगी मात्र भरलेली असते, म्हणजे रात्री नीट जेवला असेल तर. म्हणून रिकाम्या पोटी धावणारा पोरगा पहिले दोन-तीन किलोमीटर छान धावतो. त्याला वाटतं, काही खाल्लं नाही तरी चालतं. पण अंतर वाढलं किंवा वेग वाढला, की पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात. दम कमी पडला असं तो समजतो. पुष्कळदा दम असतो, इंधन नसतं.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी पडताळून पाहिली. अमेरिकेत बोस्टन शहरात दरवर्षी मॅरेथॉन होते. १९२४ साली तिथल्या डॉक्टरांनी शर्यत संपताच धावपटूंच्या रक्तातली साखर तपासली. जे गळून गेले होते, गोंधळल्यासारखे वागत होते, त्यांची साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायला सांगितले आणि शर्यतीत गोड गोळ्या दिल्या. साखरही टिकली आणि धावही सुधारली. पुढे १९६७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्यांच्या स्नायूंतला साठाच मोजला. आधीचे काही दिवस मांस आणि चरबीवर राहिलेले लोक सुमारे एक तासात थकले. पिष्टमय आहार घेतलेले तेच लोक त्याच जोरानं सुमारे तीन तास सायकल चालवू शकले. म्हणजे भाकरी आणि भाताला 'नुसतं पोट भरायचं खाणं' म्हणून हिणवू नका. लांब पल्ल्याच्या खेळाडूचं ते पहिलं इंधन आहे.

कुणी म्हणेल, केनियाचे धावपटू तर पहाटे न खाताच धावतात! खरं आहे. इटेन गावाकडचे अनेक नामवंत धावपटू सकाळची पहिली धाव न्याहारीपूर्वी घेतात. पण त्यांचं रात्रीचं ताट विसरू नका. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला उगाली हे त्यांचं मुख्य अन्न. आपल्या भाकरीचाच तो भाऊबंद. त्यांच्या आहारातली सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असं अभ्यासात दिसलं आहे. धाव संपली की दूध-साखरेचा चहा आणि पाठोपाठ न्याहारी. म्हणजे त्यांनी पहाटे न खाणं हे भरल्या घरातलं न खाणं आहे. रात्री अर्धी भाकर खाऊन झोपलेल्या पोरानं त्यांची नक्कल करू नये.

म्हणून माझं सांगणं असं, की धावणाऱ्याची न्याहारी तीन तुकड्यांत असते. पहिला तुकडा आदल्या रात्रीचा, दुसरा धावण्याआधीचा छोटा घास आणि तिसरी धावल्यानंतरची खरी न्याहारी.

रात्रीचं जेवण साधं असू द्या, पण पोटभर. भाकरी किंवा पोळी, वरण-भात, भाजी. दुसऱ्या दिवशी लांब धावायचं असेल तर भात किंवा भाकर थोडी जास्त, आणि तेलकट-तिखट कमी. रात्रीचा तिखट रस्सा पहाटे धावताना आपली आठवण करून देतोच. झोपण्यापूर्वी एक पेला पाणी प्या.

आता पहाटेचा घास. साडेचारला उठून साडेपाचला धावायचं असेल तर पोटभर खाणं शक्य नाही आणि योग्यही नाही. भरल्या पोटी धावलं की पोटात कळ येते, मळमळतं. तेव्हा पचायला हलकं आणि लवकर साखर देणारं काहीतरी खावं. एक केळं, किंवा तीन-चार खजूर, किंवा मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा, किंवा पाव पोळी गुळाबरोबर. यातल्या कशातूनही २० ते २५ ग्रॅम पिष्ट मिळतं. तासाभराच्या सरावाला तेवढं पुरतं. सोबत एक पेला पाणी. शेंगदाणे चांगले, पण या वेळी नकोत. त्यात जवळपास निम्मं तेल असतं, ते पोटात रेंगाळतं. दुधाचंही तसंच, ज्याला सोसतं त्यानंच घ्यावं.

रविवारचा लांब पल्ला असेल, दीड-दोन तास धावायचं किंवा २५ किलोमीटर चालण्याचा सराव करायचा असेल, तर मात्र एवढ्यावर भागत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम पिष्ट, तेही निघण्याआधी तासभर, असा साधा हिशेब आहे. दोन तास हाती असतील तर किलोमागे दोन ग्रॅम. ५५ किलोच्या मुलाला तासभर आधी ५५ ग्रॅम हवं. म्हणजे वाटीभर मऊ भात-दही आणि एक केळं, किंवा तेल कमी घातलेली पोह्यांची एक प्लेट आणि गुळाचा खडा. वाटेत दर तासाला ३० ग्रॅम तरी साखर पोटात गेली पाहिजे. गूळ-लिंबू-मिठाचं पाणी बाटलीत भरून घेतलं की काम भागतं.

तिसरा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच सगळ्यांत जास्त चुकतो. धावून आल्यावर मुलं आंघोळ करतात, चहा-टोस्ट खातात आणि एकदम बारा वाजता जेवतात. किंवा स्टँडवर थांबून आलूबोंडा, कचोरी किंवा तर्री-पोहे खातात. तर्री-पोह्यांशी माझं वैर नाही. विदर्भात राहून ते परवडणारही नाही! आठवड्यातून एकदा खुशाल खा. पण रोजच्या सरावानंतर शरीर दोन गोष्टी मागतं. रिकाम्या झालेल्या कणग्या भरायला पिष्ट आणि शिणलेले स्नायू दुरुस्त करायला प्रथिनं. पिष्ट पुन्हा किलोमागे एक ग्रॅम, आणि प्रथिनं १५ ते २० ग्रॅम. धाव संपल्यावर तासाभरात हे पोटात गेलं तर दुसऱ्या दिवशीचे पाय हलके राहतात. बोंड्यात तेल भरपूर, प्रथिनं नावापुरती.

मग घरात काय आहे ते पाहू. एक दिवस दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ आणि वाटीभर दही. यात पिष्ट ९० ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं २० ग्रॅमच्या वर. दुसऱ्या दिवशी दाणे घातलेले पोहे आणि दोन उकडलेली अंडी. अंडं चालत नसेल तर भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी आणि पेलाभर दूध. तिसऱ्या दिवशी आपली वऱ्हाडातली उकडपेंडी. जाडसर कणीक भाजून, कांदा-मिरचीच्या फोडणीत पाणी किंवा ताक घालून वाफवलेली. सोबत पेलाभर दूध. कधी ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर, कधी मूगडाळीचं धिरडं. शिळी पोळी असेल तर तिचा कुस्करा करा, पण त्यात मूठभर दाणे टाका आणि बाजूला दही घ्या. नुसता चहा-पोळीचा घास आणि ही न्याहारी यांच्यात खर्चाचा फरक थोडा आहे, कामाचा फरक फार मोठा आहे.

ज्वारीचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट बोलतो. आमच्या भागात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे पडली. शेतातून गेली तशी ताटातूनही गेली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा ज्वारी-बाजरीचं कौतुक शहरांत झालं. खेड्यातल्या धावणाऱ्या पोरानं ते आधी ऐकायला हवं.

आणि सोयाबीनचं काय? पोत्यानं पिकवतो, सगळं बाजारात नेतो आणि तिकडून येताना प्रथिनांच्या पावडरीचा डबा उधारीवर घेऊन येतो! त्या डब्यातल्या एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ते ४० ग्रॅम असतात. ते आपल्याच खळ्यावर पडलेलं आहे. फक्त दोन पथ्यं पाळा. पहिलं, सोयाबीन कच्चं कधीही खाऊ नका, भिजवून कच्चं तर नाहीच. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो. वीस-पंचवीस मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन, याहून जास्त नको, नाहीतर पोळीची चव बिघडते. दुसरं पथ्य जास्त महत्त्वाचं. पेरणीसाठी आणलेलं, औषध लावलेलं बियाणं कितीही उरलं तरी खाण्यात वापरायचं नाही. ते विष आहे.

आता मुलींबद्दल. एका आईनं मला विचारलं होतं, "सर, पोरगी पहाटे पयते, तिले खायाले काय देऊ जी?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण तो क्वचित विचारला जातो. मुलगा धावून आला की घर त्याच्यासाठी दूध तापवतं. मुलगी धावून आली की तिच्या हातात झाडू येतो, पाण्याची घागर येते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं तिच्या ताटात पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! रक्तात लोह कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. अशी मुलगी कितीही जिद्दीची असली तरी ८०० मीटरला शेवटच्या वळणावर मागे पडणार. त्यात जिद्दीचा दोष नाही.

तेव्हा आयांनो आणि विशेषतः वडिलांनो, धावणाऱ्या मुलीची न्याहारी आधी वाढा. उसळ, हिरव्या पालेभाज्या, तीळ, अळीव, चालत असेल तर अंडं आणि मांस. उसळीवर लिंबू पिळा किंवा सोबत पेरू-आवळा द्या. आंबटातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यांतलं लोह शरीरात चांगलं उतरतं. आणि चहा? चहातली द्रव्यं हेच लोह अडवून धरतात. चहा सोडा असं मी म्हणत नाही. न्याहारीनंतर तासाभरानं घ्या, एवढंच. सारखा दम लागतो, चक्कर येते, चेहरा पांढुरका दिसतो अशी मुलगी असेल तर तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी बंद झाली असेल तर त्याकडेही दुर्लक्ष करू नका. धावणं जास्त आणि खाणं कमी झाल्याची ती खूण असू शकते. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात.

उपवासाचा प्रश्न मुलं हमखास विचारतात. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र, कुणाचे रमजानचे रोजे. श्रद्धा ज्याची त्याची. पण उपवासाच्या दिवशी वेगाचा किंवा लांब पल्ल्याचा सराव ठेवू नका, हलकं धावा. फराळात रताळं, केळं, राजगिरा, दूध ठेवा, नुसती तळलेली साबुदाण्याची उसळ नको. रोजे असणाऱ्यांनी सरावाची वेळ इफ्तारनंतर घेतली तर पाणी पिता येतं. सहेरीत भात-पोळीबरोबर दही-डाळ असू द्यावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. न्याहारी कितीही चांगली असली तरी ती उन्हापासून वाचवत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेनंतर काही उमेदवारांचे प्राण गेले. त्यानंतर सरकारला धावण्याचं अंतर कमी करावं लागलं. गावाकडून रात्रभर प्रवास करून गेलेला, फुटपाथवर झोपलेला, पोटात अन्न नाही, पाणी नाही, असा मुलगा उन्हात जीव तोडून धावतो तेव्हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी मुक्कामी पोहोचा. लघवी फिकट पिवळी होईपर्यंत पाणी प्या. अंग तापलं, डोकं गरगरलं, घाम थांबला, बोलणं अडखळलं तर त्या क्षणी थांबा आणि सावलीत या. सोबत्यानं अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं. भरती पुन्हा निघते.

चाचणीच्या दिवशीचा नियम एकच : नवीन काही खायचं नाही. मित्रानं दिलेली गोळी नको, शक्तीचं पेय नको, शहरातल्या हॉटेलातली नवी डिश नको. सरावाच्या वेळी जे पोटाला सोसलं तेच त्या दिवशी. त्यासाठी घरूनच पोळी, गूळ, केळी, भाजलेले फुटाणे, दशमी बांधून न्या. नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. चार तास थांबावं लागलं तर दर दीड-दोन तासांनी दोन घास आणि थोडं पाणी घ्यावं. फुटाणे आणि दाणे मात्र धाव झाल्यानंतरसाठी राखून ठेवा.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच प्रकाराच्या अंतिम फेरीत उतरला. दोघंही दुष्काळी भागातल्या कष्टकरी घरांतली. अशा घरांतून धावपटू निघतात हे आता कुणी सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही. आपल्या गावातल्या प्रत्येकाला ऑलिम्पिक गाठायचं नाही. पण ज्याला शिपायाची वर्दी हवी आहे, तिला वनरक्षकाची नेमणूक हवी आहे, त्यांच्या वाट्याला निदान उपाशीपणामुळे अपयश येऊ नये.

तेव्हा आज संध्याकाळी घरात एवढंच करा. मटकी किंवा हरभरे भिजत घाला. दोन केळी किंवा गुळाचा खडा पहाटेसाठी बाजूला काढून ठेवा. आणि धावणारं लेकरू, मग तो मुलगा असो की मुलगी, सकाळी परत येईल तेव्हा चहाच्या आधी त्याच्यापुढे ताट ठेवा.



(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)